कानात किल्ली फिरवणाऱ्या सद्गृहस्थांस

प्रति,
श्री. किल्लीवाले,
मु. पो. कुठलाही सिग्नल, कुठलंही सरकारी कार्यालय, कुठल्याही लग्नातली मागची रांग



आपली-माझी ओळख नाही, पण आपलं दर्शन झालं नाही असा दिवस जात नाही. सिग्नल लाल झाला की आपण गाडी बंद करता. बघणाऱ्याला वाटतं, काय जागरूक नागरिक आहे, पेट्रोल वाचवतोय! पण आपल्याला किल्ली मोकळी करायची असते. मग मान किंचित कलते, एक डोळा बारीक होतो, ओठ एका कोपऱ्यात ओढला जातो आणि किल्ली कानात फिरू लागते. पुढची नव्वद सेकंदं आपल्या चेहऱ्यावर जी तृप्ती पसरते, ती मी काकड आरतीलाही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही. नंतर किल्ली बाहेर येते, टोकाची बारकाईनं पाहणी होते, सापडलेला ऐवज पँटीला पुसला जातो आणि तीच किल्ली परत गाडीला लागते. हेल्मेटसक्तीला आपला इतका कडवा विरोध का, हे मला फार उशिरा उमगलं. तोवर मागचे हॉर्न बडवत असतात आणि आपण ढिम्म. आपल्याला ते ऐकू का येत नाहीत, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

नुसतं किल्लीवाले म्हणून आपला गौरव करणं अपुरं आहे, याची मला जाणीव आहे. आगपेटीची काडी, उदबत्तीची काडी, सौभाग्यवतींची हेअरपिन, संपलेली रिफील, पेनच्या टोपणाची दांडी आणि खास याच कार्यासाठी राखलेलं करंगळीचं नख, एवढी शस्त्रं आपण लीलया चालवता. घराण्याचा वारसाही आहेच. आजोबांच्या वेळी चांदीचं कानकोरणं असे, दातकोरण्याच्या शेजारी एकाच कडीत अडकवलेलं. मुंबईच्या फुटपाथवर लाल पागोट्यातली माणसं लोकांच्या कानात सळई घालून पोट भरत. त्यांनी निदान चार पैसे घेऊन दुसऱ्याचा कान कोरला. आपण स्वावलंबी.

या साऱ्यामागची आपली भावना निर्मळ आहे: कानात मळ असतो, मळ म्हणजे घाण, आणि घाण काढलीच पाहिजे. आपल्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. पण कानाची बाजू कुणीतरी मांडायला हवी. तो बिचारा पडला ऐकून घेणाऱ्यांतला.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची. ती सरळसोट नसते, जरा नागमोडी असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आहे. तिथं बारीक केस आहेत आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही तिथंच आहेत. आतला भाग हाडाचा. तिथली कातडी अगदी पातळ, हाडाला चिकटलेली, आणि त्या ग्रंथी तिथं नाहीत. म्हणजे पडद्यापाशी मळ तयारच होत नाही. तरीही डॉक्टर नळीत बॅटरी मारतात तेव्हा आपल्या पडद्याला टेकून बसलेला एक काळा, घट्ट गोळा त्यांना दिसतो. हा गोळा तिथवर कसा गेला असेल? आपण काढायला जाता तेव्हा थोडा मळ किल्लीवर बाहेर येतो, म्हणून आपण खूश होता. त्याहून जास्त मळ किल्लीच्या पुढं आत सरकतो, तो आपल्याला दिसत नाही. रोज थोडा थोडा ठासत आपण त्याला थेट पडद्यापर्यंत घरपोच केलेलं असतं.

आणि खरं तर आपण काहीच केलं नसतं, तर तो आपोआप बाहेर आला असता. कानाच्या नळीतल्या कातडीची एक विलक्षण खोड आहे. ती पडद्यापासून बाहेरच्या दिशेनं सतत सरकत असते. वेग अगदी सरकारी, दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, नखं वाढतात साधारण तितकाच. पण ही फाइल सरकते, आणि कुणाचे हात ओले न करता सरकते. मेलेल्या पेशी, धूळ, जुना मळ हे सगळं तिच्यावर बसून दाराशी येतं आणि गळून पडतं. जेवताना, बोलताना, सुपारी चघळताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. आपण दिवसभर ज्या हिरिरीनं बोलता, ते पाहता आपले कान अख्ख्या जिल्ह्यात सर्वांत स्वच्छ असायला हरकत नव्हती.

बरं, हा मळ आत असतो तेव्हा नुसता पडून राहतो का? तो तेलकट असल्यामुळं आंघोळीचं पाणी कातडीत मुरत नाही. किंचित आम्ल असल्यामुळं जिवाणूंना आणि बुरशीला तिथं सहज बस्तान बसवता येत नाही. धूळ आणि चुकून शिरलेलं चिलट त्याला चिकटून बसतं. असा फुकटचा लेप आपण दर सिग्नलला खरवडून काढता. कातडी कोरडी पडते, कोरड्या कातडीला खाज सुटते, खाज सुटली की किल्ली आठवते, आणि किल्लीनं उरलासुरला लेपही जातो. मग आपण बायकोला सांगता, “बघ, किती खाज येते. साफ करायलाच पाहिजे.”

जाता जाता एक सांगतो. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एका मेलेल्या निळ्या देवमाशाच्या कानातला मळ तपासला. देवमाशाच्या कानाची वाट बंद असते, त्यामुळं मळ थरावर थर साठत राहतो. त्या थरांवरून त्यांनी माशाच्या जन्मापासून मरेपर्यंत त्याच्या अंगात तणावाची संप्रेरकं कधी वाढली आणि समुद्रातली कोणती विषं त्यानं कधी पचवली, हे सगळं वाचून काढलं. आपला जीवनवृत्तान्त मात्र पँटीला पुसला गेला. भावी पिढ्यांचं किती नुकसान!

किल्ली फिरवताना होणारं सुख खोटं आहे, असं मी म्हणणार नाही. तिथं अन्याय होईल. कानाच्या नळीत व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक शाखा येऊन पोचते. आर्नोल्ड नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचं नाव तिला दिलेलं आहे. हाच मज्जातंतू पुढं घशाकडं, फुप्फुसांकडं, हृदयाकडं आणि पोटाकडं जातो. कान कोरताना कित्येकांना ढास लागते ती याच्यामुळं, आणि आपले डोळे मिटतात त्यातही याचा हात असावा. सुख आहे, कबूल. पण मग त्याला सुखच म्हणा. ‘साफसफाई’ कशाला म्हणता?

आपल्यातल्या सुधारक मंडळींना आता वाटत असेल की हे पत्र काही आपल्यासाठी नाही, कारण आपण इअरबड वापरतो. बसा, आपल्यावरही येतो. लिओ गर्स्टनझांग नावाच्या पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या गृहस्थांची बायको बाळासाठी काडीला कापूस गुंडाळत होती. ते पाहून त्यांनी १९२०च्या दशकात तयार बोळ्यांच्या काड्या बाजारात आणल्या. आज त्या काड्यांच्या डब्यावर कंपन्या स्वतःच छापतात की कानाच्या नळीत घालू नका. बाकी कुठल्या मालावर, जगभरची गिऱ्हाईकं जे करायला तो माल विकत घेतात तेच करू नका, असं लिहिलेलं असेल, सांगा बघू! अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात अशा काड्यांनी कानाला इजा झालेली सुमारे २ लाख ६३ हजार मुलं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आली, म्हणजे रोज चौतीसच्या आसपास. त्यांतल्या बहुतेकांनी काडी आपली आपणच कानात घातली होती. मुलं कुणाचं बघून शिकतात, हे मी सांगायला नको. आपल्याकडं १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या काडीच्या इअरबडवर बंदी आली, पण ती कचऱ्याच्या काळजीनं, कानाच्या नव्हे. लागलीच बांबूच्या आणि कागदाच्या काड्या आल्या. आता कानाचा पडदा पर्यावरणपूरक पद्धतीनं फोडता येतो.

पडदा फुटणं ही गंमत नाही, एवढं एकच वाक्य मी सरळ लिहितो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. त्याच्यामागं तीन हाडं आहेत, हातोडी, ऐरण आणि रिकीब. त्यांतलं रिकिबीचं हाड तीन-साडेतीन मिलिमीटरचं, शरीरातलं सर्वांत लहान. आपण गर्दीच्या एसटीत खिडकीशी टेकून काडी घातलेली असते आणि शेजारच्या आजोबांना नेमकं तेव्हाच उठायचं असतं. कोपराला धक्का लागतो. पडद्याला पडलेली लहान भोकं बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतात, कान कोरडा ठेवला तर. पण धक्का हाडांपर्यंत गेला तर चक्कर येते, ऐकू कमी होतं, आणि तिथं किल्ली बनवणारा कारागीर काही कामाचा नाही.

पावसाळ्यात आपली खरी बहार असते. हवा दमट, कानात ओल, लेप खरवडलेला आणि नळीला नखाचा ओरखडा. बुरशीला आणखी काय हवं? मग आत ओल्या वर्तमानपत्रासारखं पांढरं-काळं काहीतरी साचतं, खाजेचा कहर होतो, कान ठणकतो, आणि आपण तिसऱ्या दिवशी मोठ्या हिमतीनं मोठी काडी शोधता. मधुमेह असेल तर फारच बहार. अशा माणसाच्या कानाच्या नळीतलं साधं दुखणं कधी कधी कवटीच्या हाडापर्यंत जातं आणि जिवावर बेततं. नाक-कान-घशाचे डॉक्टर साखर विचारतात ती याचसाठी. त्यांना आपल्या चहाची चौकशी करायची नसते.

घरगुती औषधांबद्दलही एक शब्द लिहितो, कारण आपल्या मातोश्री मधे पडणारच. लसूण तळलेलं तेल कानात ओतायचा त्यांचा हट्ट मला ठाऊक आहे. पडदा शाबूत असेल आणि कान वाहत नसेल तर घट्ट मळ मऊ करायला तेलाचे थेंब डॉक्टरही सांगतात. मात्र ते कोमट असावे लागतात आणि लसणीशी त्यांचं काही नातं नसतं. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर तेल आत गेलंच पाहिजे ही कुलदैवताची आज्ञा नव्हे. आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानात मालिश करणाऱ्या बाईंनी तेल सोडायचंच, हे तर घराघरांत अजून चाललंय. डॉक्टर नको म्हणतात आणि आजी मान डोलावून पुन्हा सोडतात. पिचकारीनं पाणी मारून कान धुवायचा प्रयोग घरी कराल तर रॉबर्ट बारानी यांची आठवण ठेवा. व्हिएन्नातल्या या डॉक्टरांना दिसलं की धुण्याचं पाणी फार गार किंवा फार गरम असलं तर रुग्णाला गरगरतं. त्याच धाग्यावरून तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाचं काम त्यांनी उलगडलं आणि १९१४ सालचं नोबेल पारितोषिक मिळवलं. आपल्याला त्याच प्रयोगात मोरीत पडून फुटका गुडघा मिळेल.

आता मुख्य तक्रारीकडं येतो. इतका वेळ लिहिलं ते नळीबद्दल. मळानं नळी गच्च बंद झाली तर तीस-चाळीस डेसिबलपर्यंत ऐकणं कमी होऊ शकतं. दडे बसल्यासारखं वाटतं, आपलाच आवाज डोक्यात घुमतो. पण हे भरून येणारं नुकसान आहे. डॉक्टर मळ काढतात आणि जग परत येतं. भरून न येणारं नुकसान त्याच्याही आत होतं, आणि तिथं, किल्लीवाले, आपली वागणूक पाहून मी हात टेकले.

आपल्या गणेश मंडळाच्या मिरवणुकीत मी आपल्याला एकदा फोमचा इअरप्लग देऊ केला होता. आठवतंय? आपण तो असा मागं सारलात जणू मी कानात विंचू सोडत होतो. आणि म्हणालात, “नको हो, कानात काही घालवत नाही मला. गुदमरल्यासारखं होतं.” ज्या कानात आदल्या आठवड्यात उदबत्तीची काडी, हेअरपिन आणि गोदरेजच्या कपाटाची किल्ली जाऊन आली, त्या कानाला मऊ फोमची गुंडाळी सोसवेना! मी निःशब्द झालो. तसंही स्पीकरच्या भिंतीपुढं माझा शब्द आपल्याला ऐकू गेला नसताच.

पुण्यातल्या पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, म्हणजे सीओईपीची मंडळी गेली कित्येक वर्षं विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत उभी राहून आवाज मोजतात. बेलबाग चौक, कुंटे चौक, उंबऱ्या गणपती चौक, टिळक चौक अशी ती फेरी असते. काही वर्षी आकडा शंभर डेसिबलच्या पुढं गेलेला आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे. ‘शंभर म्हणजे दुप्पटच की, गणपती आहे, चालायचंच,’ हे आपलं गणित मी ऐकलंय. पण डेसिबलचा जमाखर्च दुकानाच्या वहीसारखा नसतो. दर तीन डेसिबलला आवाजातली ऊर्जा दुप्पट होते, आणि कान सुरक्षित राहील असा वेळ निम्मा. ८५ डेसिबल असेल तर आठ तास. ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एकच तास. शंभरला पंधरा मिनिटं. आपण भिंतीसमोर सायंकाळी सातला उभे राहता आणि पहाटे बायको घ्यायला येते.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी आहे. तिच्यात ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी असतात, एका कानात पंधरा-सोळा हजार. जन्मतःच मिळालेला हा साठा. कोंबडीच्या कानात त्या मेल्या तर पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. या बाबतीत आपण कोंबडीच्या मागं आहोत, हे ऐकून आपला स्वाभिमान दुखावेल. पण कोंबडी मिरवणुकीत नाचत नाही, हेही खरं. सकाळी उठल्यावर कानात ‘टीं’ वाजतं आणि दुपारपर्यंत थांबतं, तेव्हा आपण म्हणता, ‘बरं झालं, गेलं.’ ऐकणं बऱ्यापैकी परत येतं, हे खरं. पण दर वेळी सगळं येतंच असं नाही.

आणि जातं कुठून? आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ यांसारखी व्यंजनं. स्वर ऐकू येत राहतात, म्हणून आपल्याला वाटतं कान ठणठणीत आहे, समोरचाच नीट बोलत नाही. ‘हल्लीची पोरं पुटपुटतात.’ ‘सूनबाईंना तोंड उघडून बोलायला काय होतं?’ ‘या नव्या मालिकांत संवादच कळत नाहीत.’ टीव्हीचा आवाज मग एवढा वाढतो की खालच्या मजल्यावरच्यांना कथानक तोंडपाठ होतं. हीच मंडळी लोकलमध्ये इअरफोन लावून रुळांच्या खडखडाटावर मात करायला आवाज शेवटच्या रेघेवर नेतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ८० डेसिबलला आठवड्याला फार तर चाळीस तास. कर्जत ते सीएसएमटी रोज जा-ये करणाऱ्यानं हिशोब करून पाहावा. मी करत नाही, माझं रक्त आटतं.

आता आपण काय करायचं ते लिहितो. उपदेश म्हणून घेऊ नका. कागद उरलाय एवढंच. आंघोळीनंतर टॉवेलाच्या कोपऱ्यानं कानाची पाळी आणि नळीचं तोंड पुसा, बोट जाईल तिथवर, पुढं नाही. खाज फारच येत असेल तर डॉक्टरांना कान दाखवा, कपाटाला नव्हे. मळ अडकला तर तेही काम त्यांचंच. भिंतीसमोर नाचायचंच असेल तर प्लग लावा: बोटांत दाबून पातळ करायचा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर-मागं ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. कापसाच्या बोळ्यावर विसंबू नका, तो फारसं काही अडवत नाही. आणि एखाद्या सकाळी अचानक एका कानानं ऐकूच येईनासं झालं, तर ‘मळ असेल, बघू रविवारी’ म्हणून किल्ली शोधू नका. कधी कधी तो मळ नसतो, आतल्या नसेचं दुखणं असतं. त्यावर औषध दिवसांच्या आत सुरू व्हावं लागतं, आठवडे गेले की हातात फारसं काही राहत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी ‘कानात काही घालता का?’ असं विचारलं की आपण ठामपणे ‘छे छे, काहीच नाही’ म्हणाल, याची मला खात्री आहे. सगळेच म्हणतात. त्यांना नळीतले ओरखडे दिसत असतात, पण ती माणसं सभ्य असतात.

पत्रात काही अधिक-उणं असेल तर मोठ्या मनानं ऐकून न ऐकल्यासारखं करा. ते आपल्याला जमेलच.

आपला,
मागचा हॉर्नवाला

ता. क. : डॉक्टर मळाचा गोळा काढून ट्रेमध्ये ठेवतील, तेव्हा ‘बापरे, एवढा!’ म्हणून त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नका. बाकीची मंडळी त्या वेळी जेवत असतात.